हवाच नाही तर रॉकेट ढकलतं कशाला? घरच्या खुर्चीवर बसून समजून घ्यायची रीत

माझ्या आठवीतल्या भाच्याने विचारलं की मावशी, अंतराळात हवा नाही, जमीन नाही, ढकलायला काही म्हणजे काहीच नाही, मग रॉकेट पुढे जातं कसं? मी नेहमीचं उत्तर तोंडावर फेकलं, न्यूटनचा तिसरा नियम, क्रिया तेवढी प्रतिक्रिया. तर म्हणतो "ते पाठ आहे गं मला, दोन मार्काला येतं, पण पटत नाहीये." आता खरं सांगू का, मलाही शाळेत असताना पटलं नव्हतं, फक्त मार्क मिळाले म्हणून विषय संपला होता. मग आम्ही दोघांनी अख्खा रविवार घालवला आणि ते पटवून घेतलं, हॉलमधल्या फरशीवर आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर. तुमच्या घरी असं कार्टं असेल किंवा तुम्हालाच आतून शंका असेल तर हे असंच्या असं करून बघा.

सामान फार नाही. चाकांची ऑफिस खुर्ची, गुळगुळीत फरशी (कार्पेट काढा, चटई पण नको), रद्दीचा साधारण ५ किलोचा घट्ट बांधलेला गठ्ठा, एक लांबट फुगा, स्ट्रॉ, बारीक दोरा, चिकटपट्टी, फोन. गठ्ठ्याऐवजी मी आधी तांदळाची पिशवी घेतली होती तर आई आतून ओरडली की अन्न फेकताय का रे, म्हणून रद्दी.

खुर्चीवर बसा, पाय वर उचलून घ्या, गठ्ठा छातीशी धरा आणि दोन्ही हातांनी जोर लावून समोर फेका. मागे कुणीतरी उभं राहायलाच पाहिजे, खुर्ची मागे कलंडली तर डोकं आपटेल, हे चेष्टेत घेऊ नका. खुर्ची मागे सरकते. फार नाही, चार बोटं, फार तर वीतभर, कारण चाकांचं घर्षण लगेच थांबवतं. हिशोब केला तर मी अधिक खुर्ची ७० किलो धरा, गठ्ठा ५ किलो, तो सेकंदाला साडेतीन मीटरने गेला असेल तर ५ × ३.५ म्हणजे १७.५, भागिले ७०, म्हणजे मला मिळाला वेग सेकंदाला पाव मीटर. वीतभरच. घर्षण नसतं तर मी त्याच वेगाने भिंतीपर्यंत गेले असते, आणि भिंत नसती तर जातच राहिले असते.

आता खरी गोष्ट इथे आहे, घाई करू नका. भाच्याला विचारलं, खुर्ची नक्की कधी सरकली? गठ्ठा समोरच्या भिंतीवर आपटला तेव्हा, का हातातून सुटताना? दोन-तीनदा फेकून बघितलं, व्हिडिओ पण काढला स्लो मोशनमध्ये. गठ्ठा हातात असतानाच, ढकलत असतानाच खुर्ची निघते. भिंतीला लागेपर्यंत आपलं सगळं आटपलेलं असतं. भिंतीपासून १ मीटरवर बसून फेका नाहीतर ४ मीटरवर बसून फेका, खुर्ची तेवढीच सरकते. गठ्ठा पुढे जाऊन कशावर आपटतो, आपटतो की नाही, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. आपण ढकललं गठ्ठ्याला, गठ्ठ्याने ढकललं आपल्याला, व्यवहार दोघांतच मिटला. हवा, भिंत, जमीन हे सगळे बघे.

हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. रॉकेट रस्त्याला ढकलत नाही, हवेला ढकलत नाही, ते स्वतःच्या पोटातल्या इंधनाला ढकलतं. गाडीला रस्ता लागतो, होडीला पाणी लागतं, विमानाला हवा लागते, आणि आपण आयुष्यभर हेच बघितलेलं असतं म्हणून मन तिकडे ओढतं. रॉकेट आपला "रस्ता" टाकीत भरून नेतं आणि मागे फेकत जातं.

मग भाचा म्हणाला ठीक आहे, पण गठ्ठ्याला तू हाताने ढकललंस, गॅसला कोण हात लावतं? चांगला प्रश्न, यावर मात्र खुर्ची उपयोगाची नाही, कागद-पेन्सिल घ्या. एक चौकोनी डबा काढा, सगळीकडून बंद, आत तापलेला गॅस ठासून भरलाय. गॅसचे रेणू म्हणजे वेडेपिसे झालेले चेंडू समजा, ते सगळ्या भिंतींवर आपटतायत. पुढच्या भिंतीवर जेवढे आपटतात तेवढेच मागच्या भिंतीवर, डाव्या-उजव्याचं पण तसंच, त्यामुळे डबा जागचा हलत नाही. आता खोडरबर घेऊन मागची भिंत पुसा. मागे जाणाऱ्या रेणूंना आपटायला भिंतच उरली नाही, ते सरळ बाहेर निघून गेले. पण पुढच्या भिंतीवरचं आपटणं चालूच आहे! त्याला तोलून धरणारं मागे कुणी नाही, म्हणून डबा पुढे निघाला. झालं, हेच रॉकेट इंजिन. ढकलणारा हात म्हणजे चेंबरच्या (इंधन जळतं त्या बंद खोलीच्या) पुढच्या भिंतीवर आणि नोझलच्या, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोंडाच्या, आतल्या बाजूवर पडणारा गॅसचा दाब, आणि तो रॉकेटच्या आतच आहे. बाहेर काय आहे याची त्याला गरजच नाही.

फुग्याचा प्रयोग सगळ्यांना माहितीये, दोऱ्यात स्ट्रॉ ओवायची, फुगवलेला फुगा चिकटवायचा, तोंड सोडायचं, सूंऽऽ करत जातो. तो कराच, मुलांना मजा येते, पण एक सांगते की शंका त्याने मिटत नाही, उलट वाढते, कारण मुलं म्हणतात बघ हवेला ढकलून गेला. म्हणून मी खुर्ची आधी आणि फुगा नंतर ठेवते. फुगा एकदा तोंड भिंतीपासून वीतभर ठेवून सोडा आणि एकदा खोलीच्या मध्यावर, भिंतीला ढकलून जात असता तर भिंतीजवळून जास्त जोरात सुटायला हवा होता ना, तसं होत नाही. आणि दिवाळीत भुईचक्र बघा, ठिणग्या एका दिशेला, चक्र उलट्या दिशेला, आपण लहानपणापासून रॉकेट इंजिनच फरशीवर फिरवत आलोय.

बाकी ही शंका आली म्हणून मुलाला वेड्यात काढू नका, मोठमोठ्या लोकांना आली होती. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड नावाचे प्रोफेसर होते, त्यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असं मांडलं, तर जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांची खिल्ली उडवली, की निर्वातात ढकलायला काही नसतं एवढं शाळेत शिकवलेलं पण यांना माहीत नाही. गोडार्ड बिचारे प्रयोग करणारे गृहस्थ, हवा काढून टाकलेल्या काचेच्या हंडीत फिरत्या खुंटीवर पिस्तूल बसवून त्यांनी कोरा बार उडवला आणि पिस्तूल मस्त उलटं फिरलं. ते १९४५ मध्ये गेले. अपोलो ११ निघालं १६ जुलै १९६९ ला आणि दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला त्या पेपरने दुरुस्ती छापली की रॉकेट निर्वातातही चालतं, चुकीबद्दल खेद आहे. म्हणजे ४९ वर्षांनी. तुमच्या घरचा आठवीवाला एका रविवारात समजतो, त्यामानाने बरंच बरं.

आता गंमत अशी की हवा नसली तर रॉकेट चालतं एवढंच नाही, जास्त चांगलं चालतं. हवा मदत करत नाही, आडवी येते. बाहेरची हवा नोझलच्या तोंडाशी उलटा दाब देत असते, गॅसला बाहेर पडताना तिला बाजूला सारावं लागतं. स्पेस शटलचं मुख्य इंजिन समुद्रसपाटीला साधारण १८६० किलोन्यूटन थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, द्यायचं आणि तेच इंजिन, तेच इंधन, निर्वातात २२७९ च्या आसपास. वीस टक्क्यांहून जास्त फरक, आणि तोही फुकट.

याच्यामुळेच नोझलचा आकार बदलतो आणि हे एकदा कळलं की रॉकेटचे फोटो बघायला मजा येते. चेंबरमधून गॅस आधी एका अरुंद गळ्यातून जातो, तिथे त्याचा वेग आवाजाच्या वेगाएवढा होतो. बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात येतं, इथपर्यंत तसंच. पण गळ्याच्या पुढे गॅसचं वागणं उलटं होतं, आता जागा रुंद होत गेली की वेग कमी होण्याऐवजी अजून वाढतो, गॅस पसरतो, गार होतो आणि त्याची सगळी धग वेगात उतरते. म्हणून ती घंटेसारखी नोझल. जमिनीवरून उडणाऱ्या इंजिनाची घंटा तुलनेने छोटी ठेवतात, कारण फार मोठी केली तर गॅस आत इतका पसरेल की बाहेरची हवा आत घुसून प्रवाह भिंतीपासून सुटेल आणि इंजिन हादरेल. वरच्या स्टेजला, म्हणजे रॉकेटच्या वरच्या टप्प्याला, ही भीती नाही, बाहेर दाबच नाही, म्हणून तिथे लांबलचक घंटा लावतात, जेवढी मावेल आणि वजनाला परवडेल तेवढी. पण मग ते जमिनीवर टेस्ट कसं करायचं? तमिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रोचं इंजिन टेस्टिंग केंद्र आहे, तिथे वरच्या हवेसारखा कमी दाब तयार करून इंजिन पेटवायची सोय केलेली आहे.

दुसरी शंका येतेच, की हवा नाही म्हणजे ऑक्सिजन नाही मग जळतं कसं. याचं उत्तर छोटं आहे, ऑक्सिजन पण बरोबर नेतात. विमानाचं जेट इंजिन बाहेरची हवा ओढतं म्हणून ते वर जाऊन गुदमरतं, रॉकेट गुदमरत नाही कारण ते श्वास घेतच नाही. दिवाळीच्या बाणात सुद्धा कोळसा आणि गंधकाबरोबर सोरा असतो, तो ऑक्सिजन पुरवतो. मोठ्या रॉकेटमध्ये वेगळ्या टाकीत द्रव ऑक्सिजन असतो, उणे १८३ अंशाला, आणि क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाची, स्टेज असेल तर शेजारी उणे २५३ अंशाचा द्रव हायड्रोजन. हायड्रोजनचा एवढा त्रास का घ्यायचा तर त्याचा धूर, म्हणजे खरं तर वाफ, हलकी असते आणि जास्त वेगाने मागे जाते, सेकंदाला सव्वाचार किलोमीटरच्या वर. इस्रोच्या विकास इंजिनासारख्या नेहमीच्या तापमानाच्या इंधनाला हा वेग ३ किलोमीटरच्या आतबाहेर मिळतो. (विकास इंजिनं आपल्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, ट्रेनमधून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं.)

मागे फेकायचा वेग का महत्त्वाचा? परत खुर्चीवर बसा. तोच गठ्ठा एकदा हळूच सोडल्यासारखा फेका, एकदा जीव खाऊन फेका. झटका कुठे जास्त बसला ते कळेल. इंधन मोजकंच आहे, मग ते जेवढ्या जोरात फेकता येईल तेवढं फायद्याचं.

आता कॅल्क्युलेटर. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, कारण इथे बातमीतल्या आकड्यांवरून आपण घरबसल्या मंगळयानाचं वजन काढणार आहोत.

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं तेव्हा साधारण १३३७ किलोचं होतं. काही दिवस पृथ्वीभोवती फिरत कक्षा मोठी करत राहिलं आणि १ डिसेंबर २०१३ ला मध्यरात्रीनंतर त्याने मंगळाकडे जाण्यासाठी इंजिन पेटवलं. इंजिनाचा थ्रस्ट ४४० न्यूटन, चाललं १३२८.८९ सेकंद, म्हणजे २२ मिनिटं आणि वर थोडं, आणि वेग वाढला सेकंदाला ६४७.९६ मीटरने. बस, सुरुवातीला एवढेच तीन आकडे पुरतात.

थ्रस्ट गुणिले वेळ करा. ४४० × १३२८.८९ = ५,८४,७१२ च्या जवळपास. हा झाला इंजिनाने दिलेला एकूण धक्का. याला मिळालेल्या वेगाने भागा, ५,८४,७१२ ÷ ६४७.९६ = साधारण ९०२. हे यानाचं किलोमधलं वजन, पण सरासरी, कारण इंजिन चालू असताना इंधन कमी होत होतं ना. मग इंधन किती गेलं तेही काढू. या इंजिनाचा गॅस मागे जातो सेकंदाला सुमारे ३०४० मीटरने, तर ५,८४,७१२ ÷ ३०४० = साधारण १९२ किलो. ते निम्मं निम्मं दोन्हीकडे वाटा, म्हणजे सुरुवातीला यान ९०२ + ९६ = ९९८ किलो आणि शेवटी ९०२ − ९६ = ८०६ किलो. उडताना १३३७ होतं, म्हणजे कक्षा मोठी करण्यातच आधीचं ३४० किलोच्या आसपास इंधन गेलेलं. बघा, कुणी न सांगता आपल्याला कळलं. भाचा तर खुर्चीवरून उठून नाचला.

आता उलटतपासणी. रशियात कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की नावाचे शाळामास्तर होते, लहानपणच्या आजारात ऐकू येणं जवळजवळ गेलेलं, त्यांनी १९०३ मध्ये छापलेल्या लेखात रॉकेटचं समीकरण दिलं, विमानं नीट उडायच्याही आधी. समीकरण असं, मिळणारा वेग = गॅसचा वेग × लॉग (सुरुवातीचं वजन ÷ शेवटचं वजन). लॉग म्हणजे फोन आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर एल आणि एन अशी अक्षरं असलेलं बटण दिसतं ते, साधं लॉगचं बटण वेगळं असतं ते दाबू नका, मी दाबलं होतं आणि अर्धा तास इस्रोलाच चूक समजत बसले होते. तर ९९८ ÷ ८०६ = १.२३८, त्याचा लॉग ०.२१३७, गुणिले ३०४० = साधारण ६५०. इस्रोचा आकडा ६४७.९६. दीड-दोन मीटरचा फरक, तो आपण आकडे गोल केल्याचा. हॉलमध्ये बसून अजून काय पाहिजे.

या समीकरणातच रॉकेटचं सगळं दुखणं आहे. ५ किलो फेकून वीतभर वेग मिळतो तर १० किलो फेकून दोन वीत मिळावा असं वाटतं, पण ते दुसरे ५ किलो पहिला गठ्ठा फेकताना मांडीवर घेऊन बसावं लागतं, त्याचंही वजन ढकलावं लागतं. म्हणजे इंधन न्यायला इंधन, ते न्यायला अजून इंधन. पृथ्वीच्या कक्षेत जायला सगळे अडथळे धरून सेकंदाला ९.४ किलोमीटरच्या आसपास लागतात, गॅसचा वेग ३ किलोमीटर असेल तर लॉग उलटा करून बघा, १ किलो वर न्यायचं तर खाली २३ किलो घेऊन निघावं लागतं, आणि त्या वर गेलेल्या १ किलोत रिकाम्या टाक्या, इंजिनं सगळं आलं. म्हणून रिकाम्या टाक्या वाटेत टाकून देतात, त्यालाच स्टेज म्हणायचं. चंद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना ६४० टनाचं होतं आणि त्यातलं चंद्रयान ३.९ टन. बाकी बहुतेक सगळं फेकायचं सामान.

४४० न्यूटन म्हणजे किती ते पण कळू दे. ४५ किलोचं पोतं जमिनीवरून उचलून धरायला जेवढा जोर लागतो तेवढाच. एवढ्याशा जोराने एक टनाचं यान ढकलायचं म्हणजे ० वरून ताशी ६० व्हायला ३८ सेकंद, आपली रिक्षा पण सिग्नल सुटल्यावर याच्या पुढे जाईल. पण तिथे घर्षण नाही, उतार-चढ नाही, थांबवणारं कुणी नाही, त्यामुळे २२ मिनिटं दम धरून ढकललं की मंगळाची वाट धरली जाते. अंतराळात जोरापेक्षा किती वेळ ढकलता ते जास्त कामाचं. आयन इंजिन तर याच्याही पुढचं, नासाचं डॉन यान झेनॉन वायूचे कण विजेने पळवून सेकंदाला ३० किलोमीटरने मागे सोडायचं, थ्रस्ट कितीसा, तर हातावर झेरॉक्सचे दोन कागद ठेवल्यासारखा. त्या फुंकरीवर ते वेस्टा या लघुग्रहाला जाऊन तिथून निघून सेरेस या बटुग्रहाला गेलं, कारण वर्षानुवर्षं फुंकत राहिलं. आपल्याकडे २०१७ च्या जीसॅट-९ उपग्रहावर झेनॉनचं असं इंजिन होतं. जमिनीवरून उडायला मात्र याचा काडीचा उपयोग नाही.

सिनेमात यानाच्या मागे कायम ज्वाळा दाखवतात ना, ते डोक्यातून काढा. इंजिन थोडा वेळ पेटतं आणि मग बंद, यान नुसतं जात राहतं. मंगळयानाचं मुख्य इंजिन ३०० दिवसांच्या आसपास झोपून होतं आणि नंतर मंगळाजवळ ते एकदम नीट पेटायला पाहिजे होतं, नाहीतर यान मंगळाला टाटा करून निघून गेलं असतं. म्हणून २२ सप्टेंबर २०१४ ला आधी जेमतेम ४ सेकंद चालवून बघितलं. आपण पंप उन्हाळ्याआधी चालू करून बघतो तसंच, फक्त इथे मेकॅनिक बोलवायची सोय नाही.

पेटवायचं कसं, हे विचारलंत तर यात काडी, ठिणगी काही नसतं. यानावरच्या इंजिनात अशी दोन द्रव्यं वापरतात की ती एकमेकांना भेटली की आपोआप भडकतात. दोन व्हॉल्व्ह उघडा, इंजिन सुरू, बंद करा, थांबलं. विषारी असतात भयंकर, पण भरवशाची.

आणि एक भानगड, जी कुणी सांगत नाही. वजनच नसतं तिथे, तर टाकीतलं इंधन तळाला कसं राहील? ते गोळे होऊन तरंगतं आणि नळीच्या तोंडाशी द्रवाऐवजी गॅसचा बुडबुडा आला की इंजिन खोकणार. बाटलीतलं शेवटचं सॉस काढताना आपण बाटली झटकतो, तिथेही जवळपास तेच करतात, आधी छोटे थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, चालवून यानाला हलका धक्का द्यायचा म्हणजे इंधन मागे जाऊन बसतं, मग मोठं इंजिन. किंवा टाकीत आतून पातळ पत्रे-जाळ्या बसवतात, त्यांना इंधन चिकटून ओघळत नळीकडे येतं, आपल्या दिव्यातल्या वातीला तेल चढतं त्या चालीवर. वरून हेलियमचा दाब देऊन ढकलायचं.

ब्रेकचं काय, तर ब्रेक नाहीच. थांबायचं असेल तर यान वळवून इंजिनाचं तोंड जायच्या दिशेला करायचं आणि पेटवायचं. खुर्चीवर बसून करून बघता येतं, कुणीतरी तुम्हाला हळूच मागे ढकलू दे आणि तुम्ही गठ्ठा मागच्याच दिशेला फेका, खुर्ची अडखळते. (मागे फेकताना बघून फेका, आमच्या इथे टीव्ही थोडक्यात वाचला.) चंद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरला तो असाच, हवा नाही म्हणून पॅराशूटचा प्रश्नच नाही, सगळं काम इंजिनांवर. त्याला ८०० न्यूटनची ४ इंजिनं होती, सगळी मिळून ३२००. लँडरचं वस्तुमान उडताना १७५२ किलो, चंद्राचं गुरुत्व १.६२, गुणाकार २८३८ न्यूटन. म्हणजे पूर्ण भरलेला असता तरी चंद्रावर ही इंजिनं त्याला तोलू शकतात. तोच लँडर पृथ्वीवर १७ हजार न्यूटनच्या वर भरतो, इथे ती इंजिनं त्याला चिमूटभरही उचलणार नाहीत. आणि उतरताना इंधन जळून तो हलका होत जातो, म्हणून इंजिन कमी-जास्त करता येईल असंच लागतं, नाहीतर उतरायच्या ऐवजी परत वर. ३ सप्टेंबरला त्यांनी मुद्दाम इंजिन परत पेटवून लँडरला ४० सेंटिमीटर उडी मारायला लावली, दोन वीत फक्त, पण चंद्रावरून पुन्हा उडायचं असेल तर सुरुवात तिथूनच.

घरचा अभ्यास म्हणून भाच्याला मी मंगळयानाचं दुसरं गणित दिलं, तुम्ही पण करा. २४ सप्टेंबर २०१४, मंगळाजवळ ब्रेक मारला तेव्हाचं, इंजिन १३८८.६७ सेकंद चाललं आणि वेगात सेकंदाला १०९९ मीटरचा फरक पडला. वरच्याच रीतीने केलं तर सरासरी वजन ५५६ किलो येतं, आणि ते जुळत नाही, कारण आपण डिसेंबरमध्ये यान ८०६ किलोवर सोडलं होतं, एवढं बारीक व्हायला मधे तसं काही घडलंच नव्हतं. भाचा रात्री साडेदहाला फोन करून म्हणे मावशी, तुझी रीतच चुकली. रीत चुकली नाही रे, त्या दिवशी मोठ्या इंजिनाबरोबर २२ न्यूटनची ८ छोटी इंजिनं पण चालवली होती, ती तू धरलीच नाहीस. त्या दिवशी इंधन गेलं २४९.५ किलो, आता यावरून त्सिओल्कोव्स्की मास्तरांच्या समीकरणात ८०० ने सुरुवात करून बघ काय येतंय.